ब्यूटला येतेस? मग हे ऐक

नवऱ्याला मॉन्टाना टेकमध्ये नोकरी मिळतेय, मुलगी नऊ वर्षांची आहे, ठाण्याचं घर भाड्याने देऊन इकडे अमेरिकेत, मॉन्टाना राज्यातल्या ब्यूटला यावं का आणि तिथे आपली माणसं आहेत का, असं विचारलंस. व्हिसा, विमा, थंडी यांची माहिती तुला कुठेही मिळेल. मी अडकलेय ती 'आपली माणसं' पाशी.

आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, इथे कोणी नाहीत. ज्यू मात्र एके काळी भरपूर होते. तांब्याच्या मागोमाग आले. खाणीत उतरायला कमी, खाणकामगारांना कपडे, बूट, तंबाखू विकायला जास्त. 1879 मध्ये ब्यूटचा पहिला महापौर झाला हेन्री जेकब्स, कपड्यांचा व्यापारी, ज्यू. (आपले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले 1937 मध्ये. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर रोज ट्रॅफिकमध्ये तुंबणाऱ्यांना ते शनवार तेल्यांमधले, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या बेने इस्रायलांमधले होते हे कुठे माहीत असतं!) 1903 मध्ये इथे ब्नाय इस्रायल टेंपल, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधायला घेतलं. आता ज्यूंची घरं मोजकीच. 1955 मध्ये बर्कली पिट ही तांब्याची उघडी खाण सुरू झाली आणि त्या खड्ड्याने मीडरव्हिलसारख्या वस्त्याच गिळल्या. 1982 मध्ये तीही बंद. दुकानदारांची मुलं तोवर शिकून मोठ्या शहरांत गेली होती. आपले नाही का, रेवदंडा-पेण सोडून मुंबईत आणि मग इस्रायलमध्ये लोद-अश्दोदला गेले.

तासाभरावर हेलेना आहे. तिथलं 1891 चं टेंपल माणसं उरली नाहीत म्हणून 1930 च्या दशकात राज्य सरकारला एका डॉलरला दिलं. 2022 मध्ये ज्यूंनी ते परत विकत घेतलं. बातमी वाचून मला रडू आवरेना. अलिबागकडच्या आमच्या आजोबांच्या घराचा उरलेला हिस्सा भावाने विकला तेव्हा मात्र मी इथूनच संमतीपत्रावर सही करून पाठवली होती, डोळ्यांतून टिपूस न काढता. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पुढे.

मुलीच्या शाळेचं नीट ऐक. माझ्या लेकीला कुटुंबाच्या इतिहासाचा प्रकल्प होता. तिने कोकण, तेलाचा घाणा, शनिवारची सुट्टी, आपल्या मलिद्याच्या विधीचं ताट, सगळं काढलं. बाई म्हणाल्या, दोन वेगवेगळे धर्म मिसळलेस, एक निवड. मी भेटायला गेले तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, किती रंजक! गुण बदलले नाहीत. लेकीने पुढच्या वर्षी नुसतं 'अमेरिकन' लिहिलं आणि मला दाखवलंही नाही, दप्तरात सापडलं. आता ती कॉलेजात आहे, तिला यातलं काही आठवत नाही म्हणे. मला आठवतं.

तेव्हा किप्पूरच्या, आपल्या उपासाच्या दिवसाच्या, रजेचं पत्र शाळा उघडताच दे, परीक्षा त्याच दिवशी ठेवतात.

आणि कागद. तुझ्या जन्मदाखल्यावर नाव आहे ना, की नुसतं 'मुलगी'? माझ्यावर तेच होतं. वडील एका कागदावर दाविद, दुसऱ्यावर डेव्हिड, आडनाव कधी आहे, कधी नाही. प्रतिज्ञापत्रं करताकरता जीव गेला. हे सगळं ठाण्यातच उरकून घे, आणि मूळ दाखले लॅमिनेट करू नकोस.