ऑटोकॅडमध्ये सर्व्हेच्या फाईलमधल्या एकसारख्या वस्तू एकदम कशा निवडायच्या?

तुमची अडचण अशी दिसते: साकोलीकडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या दुरुस्तीचा टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) सर्व्हे झाला. लेव्हलचे म्हणजे उंचीचे आकडे, विजेचे खांब, विहिरी, झाडं, धानाच्या बांध्यांचे धुरे, पांदण, सगळं एकाच फाईलमध्ये आलं. आता फक्त खांब वेगळ्या लेयरवर न्यायचे तर एकेकावर क्लिक करावं लागतंय.

एकेक क्लिक अजिबात करू नका. आधी एक ठरवा: ‘सारखं’ म्हणजे कशात सारखं? लेयर, रंग, ब्लॉकचं नाव, की लिहिलेला मजकूर? निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

खांब ब्लॉक (एका नावाखाली बांधलेलं तयार चित्र) असतील तर एक खांब निवडा, राइट क्लिक करा आणि ‘सिलेक्ट सिमिलर’ घ्या. ही सोय ऑटोकॅड 2011 पासून आहे. मूळ सेटिंगमध्ये ती वस्तूचा प्रकार, लेयर आणि नाव एवढंच जुळवते. त्यामुळे काही खांब चुकून झाडांच्या लेयरवर पडले असतील तर ते सुटतात. अशा वेळी काहीही न निवडता कमांड लाइनवर इंग्रजी अक्षरांत, जोडून ‘सिलेक्टसिमिलर’ टाइप करा, एंटर दाबा, मग एसई टाइप करून पुन्हा एंटर. चौकटींची यादी उघडते: रंग, लेयर, लाइनटाइप, त्याचा स्केल, लाइनवेट, प्लॉट स्टाइल, ऑब्जेक्ट स्टाइल आणि नाव. लेयरवरची खूण काढा. हीच गोष्ट ‘सिलेक्टसिमिलरमोड’ या व्हेरिएबलनेही, म्हणजे सेटिंगचा आकडा बदलूनही होते. त्यात नावाचे 128 आणि लेयरचे 2, म्हणून मूळ किंमत 130. लेयर नको तर 128 द्या, रंगही जुळवायचा तर 131. ही सेटिंग पुढेही तशीच राहते, म्हणून काम झालं की 130 परत करा. नाहीतर पुढच्या फाईलमध्ये नको ते पकडलं जाईल आणि कारण सापडणार नाही.

रंगाची खूण लावताना सांभाळा. लेयरकडून आलेला लाल आणि वस्तूला थेट दिलेला लाल पडद्यावर एकच दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी एक ‘बायलेयर’ आहे आणि दुसरा ‘रेड’. ते जुळणार नाहीत. लाइन आणि पॉलिलाइन हे प्रकारही वेगळे, टेक्स्ट आणि एमटेक्स्टही वेगळे. दोन्ही हवे असतील तर प्रत्येकाचा एकेक नमुना आधी निवडा, मग सिलेक्ट सिमिलर चालवा. अनेक नमुने तो एकत्र घेतो. आणखी एक खोच: कोणी ‘पेस्ट अ‍ॅज ब्लॉक’ करून खांब डकवले असतील तर प्रत्येक पेस्टला ऑटोकॅडने वेगळं, निरर्थक नाव दिलेलं असतं. मग नावाने एकच सापडतो. तिथे नावाची खूण काढून लेयरची ठेवा.

सर्व्हेच्या फाईलमध्ये खरी पंचाईत मजकुराची असते, कारण पॉइंट नंबर, लेव्हल आणि कोड पुष्कळदा एकाच लेयरवर टेक्स्ट म्हणून येतात. सिलेक्ट सिमिलर मजकूर वाचत नाही, सगळेच उचलतो. इथे ‘क्यूसिलेक्ट’ ही गाळून निवडणारी कमांड लागते. ऑब्जेक्ट टाइप ‘टेक्स्ट’, प्रॉपर्टी ‘कंटेंट्स’, ऑपरेटर ‘वाइल्डकार्ड मॅच’. ‘व्हॅल्यू’च्या रकान्यात ईपी* (ईपी म्हणजे समजा विजेच्या खांबाचा कोड) टाकलं की ईपी ने सुरू होणारे सगळे कोड येतात. # म्हणजे कोणताही एक अंक; ### . ### हा नमुना मधल्या जागा न ठेवता टाकला तर 245.615 सारख्या लेव्हल येतात आणि 1 ते 999 पर्यंतचे पॉइंट नंबर बाहेर राहतात. फक्त पाळेजवळचा किंवा सांडव्याजवळचा भाग हवा असेल तर आधी खिडकी ओढून तो निवडा आणि क्यूसिलेक्टमध्ये वर ‘करंट सिलेक्शन’ ठेवा. ब्लॉकच्या आत असलेला अ‍ॅट्रिब्यूटचा (ब्लॉकसोबत भरलेल्या माहितीचा) मजकूर मात्र क्यूसिलेक्टने गाळता येत नाही, त्याला ‘फाइंड’ वापरा.

काँटूरसाठी, म्हणजे समान उंचीच्या रेषांसाठी, प्रॉपर्टी ‘एलिव्हेशन’. 245.500 ची रेषा ‘इक्वल्स’ने शोधली तर कधी काहीच मिळत नाही, कारण दिसतो तो गोल केलेला आकडा, आत 245.49998 असू शकतो. म्हणून दोन फेऱ्या करा: पहिल्यांदा 245.49 पेक्षा जास्त, मग करंट सिलेक्शनवर 245.51 पेक्षा कमी. थ्रीडी पॉलिलाइनला एलिव्हेशन ही एकच किंमत नसते, त्या अशा सापडणार नाहीत.

शेकड्यांनी वस्तू निवडल्या की अनेकांना वाटतं निवड झालीच नाही, कारण निळे ठिपके दिसत नाहीत. ‘ग्रिपऑबजलिमिट’ (GRIPOBJLIMIT) मुळात 100 असतं, त्यापुढे ठिपके काढलेच जात नाहीत. निवड शाबूत असते. कंट्रोल आणि 1 दाबून प्रॉपर्टीज उघडा. वरच्या चौकटीत एकूण संख्या आणि प्रकारवार संख्या दिसते. सर्व्हेच्या वहीतल्या खांबांच्या संख्येशी ती जुळवा. नाही जुळली तर ‘आयसोलेटऑब्जेक्ट्स’ चालवून फक्त निवडलेलं पाहा, सुटलेलं किंवा आगंतुक लगेच ओळखू येतं. नंतर ‘अनआयसोलेटऑब्जेक्ट्स’. हे केल्याशिवाय डिलीट दाबू नका. ‘ऑल’ने निवडून पुसणं तर टाळाच, कारण बंद केलेल्या, म्हणजे बल्ब विझवलेल्या लेयरवरच्या वस्तूही त्यात जातात. फ्रीझ किंवा लॉक केलेल्या वाचतात.

निवड पक्की झाली की तिथेच प्रॉपर्टीजमधून लेयर बदला आणि खांबांना स्वतःचा लेयर द्या, म्हणजे पुढच्या वेळी गाळणीच लागणार नाही. निवड चुकून सुटली तर पुढच्या कमांडच्या ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ला पी टाइप करा, मागची निवड परत येते. एक निवडताना आधीची सुटत असेल तर ‘पिकअ‍ॅड’ 2 करा. आधी निवडून मग दिलेली कमांड निवड विसरत असेल तर ‘पिकफर्स्ट’ 1 आहे का पाहा. जुना लॅपटॉप माउस फिरवतानाच अडखळत असेल तर ‘सिलेक्शनप्रिव्ह्यू’ 0 करून बघा.