सतराव्या वर्षी एका मिनिटात आपला उद्योग कसा मांडावा?

तुम्ही विचारले आहे की, कुडाळ तालुक्यात घरच्या रातांब्यांपासून, म्हणजे कोकमाच्या फळांपासून, तुम्ही आगळ (मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस) काढता, गेल्या हंगामात ६० लिटर विकलेत, आता एका उद्योजक मेळाव्यात बोलण्यासाठी तुम्हाला एक मिनिट मिळणार आहे, तर ज्याला ‘एलिव्हेटर पिच’ म्हणतात ते या वयात कसे तयार करावे. वयाने तुम्ही माझ्या मोठ्या मुलीएवढे आहात. परंतु प्रश्न उद्योजक म्हणून विचारला आहे, त्यामुळे ‘तुम्ही’ असेच म्हणतो.

लिफ्टमध्ये एखादा मोठा माणूस भेटला, तर त्याचा मजला येईपर्यंत आपले काम सांगून व्हावे, अशी त्या नावामागची कल्पना आहे. आमच्या गुहागर तालुक्यात लिफ्ट शोधावी लागेल. पण दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट आहे, आणि मला हा धडा तिच्यावरच मिळाला. अर्थात त्याआधी मी एकदा पुरता फसलो होतो.

कॉलेजात असताना मी घरची फणसपोळी विकत असे. एका स्पर्धेत दोन मिनिटे बोलायचे होते. मी ७२० किलोमीटरच्या समुद्रकिनाऱ्यापासून सुरुवात केली, कोकणी माणसाच्या कष्टांवर आलो, कापा आणि बरका फणस यांतला फरक समजावून सांगितला, बरक्याचा रस ताटात पसरून किती दिवस उन्हात ठेवावा लागतो तेही सांगितले, आणि टाळ्याही मिळवल्या. त्यानंतर एका परीक्षकांनी शांतपणे विचारले, “किलोचा भाव काय?” मला तो सांगता आला नाही. आईने घातलेली साखर, आमची मजुरी आणि गेलेले दिवस यांचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. म्हणून माझा पहिला सल्ला बोलण्याविषयी नाही. एक लिटर आगळासाठी किती किलो रातांबे आणि किती मीठ लागते, बाटली आणि गाडीभाडे धरून ते किती रुपयांना पडते, हे वहीत लिहून काढल्याखेरीज एका मिनिटाचा मजकूर लिहायला बसू नका.

पुढे काही महिन्यांनी फेरीबोटीवर चिपळूणकडचे एक दुकानदार भेटले. माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून त्यांनीच विचारले. बोट पलीकडे लागेपर्यंतच वेळ असल्यामुळे मी एवढेच सांगितले की, मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांना घरी न्यायला काहीतरी गोड आणि टिकाऊ हवे असते, आमची पोळी अमुक दिवस टिकते, तिचा भाव अमुक आहे, आणि तुमच्या दुकानात पाच किलो ठेवून बघाल का. त्यांनी पोळी घेतली नाही. मोठी पोळी हाताला चिकटते, तुकडे करून लहान पुड्यांत आणलीत तर ठेवीन, असे ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी पुड्या घेऊन गेलो. त्या दिवशी समजले की, ते मिनिट माल विकण्यासाठी नसतेच. समोरच्याला बोलते करण्यासाठी आणि दुसऱ्या भेटीचे निमित्त मिळवण्यासाठी असते.

म्हणून मजकूर लिहिताना आगळापासून सुरुवात करू नका, ते विकत घेणाऱ्या माणसाच्या अडचणीपासून करा. तुम्ही लिहिले आहे की तुमचे निम्मे आगळ ओळखीच्यांनी नेले, तीन खानावळींनीही घेतले, आणि त्यांतल्या दोघींनी पुन्हा मागवले. माझ्या दृष्टीने तुमच्या संपूर्ण प्रश्नातले सर्वांत मौल्यवान वाक्य हेच आहे आणि तुम्ही ते शेवटी, कंसात टाकले आहे. ओळखीचे लोक कौतुकाने घेतात. खानावळवाली दुसऱ्यांदा मागवते ती केवळ उपयोग झाला म्हणून. तुमच्या जागी मी असतो तर साधारण असे बोललो असतो:

“नमस्कार. मालवण-तारकर्ली भागात ज्यांच्याकडे पर्यटक जेवायला येतात, त्यांना मे महिन्यात रोज सोलकढी करावी लागते. आमसुले भिजवून कोळ काढायला वेळ जातो आणि रंग रोज सारखा येत नाही. आम्ही कुडाळजवळ घरच्या रातांब्यांचे आगळ काढतो. त्यात रातांबे आणि मीठ यांखेरीज काही नाही. गेल्या हंगामात ६० लिटर गेले. तीन खानावळींनी घेतले, दोघींनी पुन्हा मागवले. या वर्षी २०० लिटर काढायचे आहे. पंधरा दिवस वापरून खरे मत सांगतील अशा पाच खानावळी मला हव्या आहेत. तुमच्याकडे सोलकढीला सध्या काय वापरता?”

हे सावकाश बोलूनही मिनिटाच्या आत संपते. शेवट प्रश्नाने केला आहे, कारण ‘धन्यवाद’ म्हटले की समोरचा माणूसही धन्यवाद म्हणून निघून जातो. २०० लिटर हा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे. तुमच्या झाडांना जेवढे झेपेल तेवढेच सांगा.

यात काय नाही, तेही पाहा. तुमचे वय नाही. ‘मी अवघा सतरा वर्षांचा आहे’ असे म्हटले की ऐकणारा कौतुकाच्या सुरात जातो, आणि कौतुक करणारा माणूस पाठीवर थाप देतो, मागणी नोंदवत नाही. वय तुमच्या चेहऱ्यावर दिसतेच आहे. ‘पित्तावर रामबाण’ हेही मी मुद्दाम वगळले. घरात आपण तसे म्हणतो, परंतु खाद्यपदार्थ विकताना रोग बरा होण्याचा दावा करणे कायद्यात बसत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी. मात्र ते नाव मालावर लावण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती नसेल तर तो विषय काढूच नये.

तुमच्याहूनही लहान वयाच्या एका मुलाची कल्पना अभ्यासण्यासारखी आहे. मुंबईच्या तिलक मेहता याने २०१८ साली, तेरा वर्षांचा असताना, शहरातल्या शहरात त्याच दिवशी पार्सल पोहोचवण्याची सेवा सुरू केली आणि त्यासाठी डबेवाल्यांना सोबत घेतले. ‘रोज फिरणारे डबेवाले तुमचे पार्सलही नेतील’ एवढ्या एका वाक्यात ती कल्पना मावते, आणि ऐकणाऱ्याला डबेवाला कोण हे समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या बाबतीत ते काम सोलकढी करते. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यासमोर ‘आगळ’ म्हणजे काय हे सांगण्यात अर्धे मिनिट जाईल. सोलकढीचा गुलाबी रंग आठवून दिला की पुरे.

आता मिनिट संपल्यानंतरचे पाहू, कारण खरी परीक्षा तिथे होते. भावाखालोखाल पहिला प्रश्न येईल तो वर्षभर माल देता येईल का, हा. रातांबा एप्रिल-मे मध्ये पिकतो आणि वळवाचा पाऊस लवकर आला की बरेच फळ हातचे जाते. तेव्हा ‘हो, देऊ’ असे उत्साहाने सांगू नका. मीठ आणि मूळचा आंबटपणा यांमुळे आगळ टिकते, मेअखेर जेवढे साठवू तेवढेच पुढे देऊ, असे सांगा. दुसरा प्रश्न असेल, सही कोण करणार? १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, आणि असा करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९०३ मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीचे संचालकही तुम्हाला आत्ता होता येणार नाही. जाणत्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असते आणि तो तुमचे उत्तर कसे येते ते पाहतो. ‘अन्न सुरक्षेची नोंदणी आणि बँकेचे खाते आईच्या नावे आहे, सही तीच करते, माल आणि गिऱ्हाईक मी सांभाळतो’ एवढे एक वाक्य तयार ठेवा. ती नोंदणी अजून केली नसेल, तर मेळाव्यापूर्वी आईला घेऊन ते काम आधी उरकून घ्या.

सराव आरशासमोर करू नका, त्याने केवळ हावभाव सुधारतात. तुमच्या उद्योगाविषयी काहीच ठाऊक नसलेल्या एखाद्या माणसाला एकदा ऐकवा, आणि अर्ध्या तासाने त्यालाच ते तिसऱ्याला सांगायला लावा. जेवढे त्याच्या तोंडून बाहेर येईल तेवढेच तुम्ही सांगितलेत असे धरा. त्या स्पर्धेनंतर मी हा प्रयोग शेजारच्या काकूंवर केला होता. माझे तेच भाषण ऐकून त्यांनी दारात आलेल्या मासेवालीला सांगितले, “हा फणस वाळवतो आणि भाव विचारला की गप्प बसतो.”