हवामानबदलावर डॉक्टरांनी का बोलावे?

प्रश्न : डॉक्टरांनी रुग्ण तपासावेत, हवामानबदलाबाबत सरकारकडे आग्रह धरणे हे त्यांचे काम आहे का?

उत्तर : निश्चितच आहे. उष्माघाताचे आणि धुराने दमा बळावलेले रुग्ण प्रथम त्यांच्याच समोर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हवेच्या प्रदूषणामुळे दरवर्षी सुमारे ७० लाख अकाली मृत्यू होतात, आणि या प्रदूषणाचा मोठा भाग ज्या इंधनांच्या ज्वलनातून येतो, तीच पृथ्वीचे तापमानही वाढवतात. २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत प्रथमच एक दिवस आरोग्यासाठी राखला गेला. हे फार आधीच व्हायला हवे होते. मात्र डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णालयाकडेही पाहावे : भूल देण्यासाठी वापरला जाणारा डेसफ्लुरेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत दोन हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, आणि बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये त्याला सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत.