धुऱ्यावरचे दोन कान

मागच्या लेखात वाघाचं नावही न काढता लहान रानमांजरांवर लिहिलं, तर वाघावर लिहिल्यापेक्षा जास्त पत्रं आली. त्यातली काही इथे घेतो.

सर, पेंच आणि कऱ्हांडला मिळून सात सफाऱ्या झाल्या. वाघ तीनदा दिसला, रानमांजर एकदाही नाही. आता कुठे जाऊ? (मानेवाडा)

आठवी सफारी करू नका. जिप्सी वाघाच्या मागावर धावत असते. "थांबा, गवतात काहीतरी हललं" असं म्हणून बघा, गाडीतले सगळे गवताकडे नाही, तुमच्याकडेच बघतील. शिवाय रानमांजराला, म्हणजे जुन्या लोकांच्या बाउलाला, दाट जंगलाची फारशी हौस नाही. त्याला उंदीर पाहिजेत, आणि उंदीर आपल्या वावरात आहेत.

दिवाळीनंतर, धान कापून झालं की नागपूर जिल्ह्यातल्या कुही, मौदा, भिवापूरकडे जा. एखाद्या पांदणीच्या तोंडाशी गाडी बंद करा आणि बसून राहा. उजाडताना नाहीतर दिवस कलताना. हे मांजर दिवसाउजेडीही फिरतं, तेवढी आपली सोय.

असंच बसलो असताना मला एकदा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आधी नुसते दोन कान दिसले, टोकाला काळ्या केसांचा बारीक झुपका. पंधरा मिनिटं ते कान एकाच बिळाकडे लागलेले. बाकी अंग जणू नव्हतंच. मग चारही पाय एकदम हवेत, आणि खाली आलं ते धसकटात तोंड खुपसूनच. उंदीर निसटला. बाउलाने इकडेतिकडे पाहिलं आणि शांतपणे पंजा चाटायला घेतला, आपलं काही चुकलंच नाही अशा थाटात. घरी मांजर असेल तर हा थाट तुम्हाला माहीत असेल.

ओळखायचं कसं? पाय उंच, अंग पिवळसर-राखाडी आणि जवळजवळ कोरं, शेपूट अंगाच्या मानाने आखूड, तिच्या शेवटाला काळी कडी. वजन साधारण 4 ते 8 किलो. लांब शेपूट, अंगावर ठळक पट्टे किंवा पांढरे चट्टे दिसले, तर ते गावातल्या कुणाचं तरी दूध पिऊन आलेलं असतं. वाळल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बसलेलं बाउल मात्र दहा पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून दुर्बिणीने शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल टिपा, दुर्बीण नंतर.

वाघाटी म्हणजे नक्की कोणतं मांजर? पुस्तकात एक, पेपरात दुसरं. (प्रतापनगर)

आणि बाजारात तिसरंच! आषाढी द्वादशीला भाजी करतात ते वाघाट्याचं फळ एका काटेरी वेलाचं. मांजरांपुरतं बोलायचं तर जुन्या लिखाणात बिबट्यासारखे ठिपके असलेल्या लेपर्ड कॅटला वाघाटी म्हटलेलं सापडतं. हल्लीच्या बातम्यांत हे नाव रस्टी-स्पॉटेड कॅटचं असतं. मी दुसरा अर्थ धरतो, कारण आपल्या पानगळीच्या जंगलांत तीच आहे.

भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ही कुठेच नाही. पूर्ण वाढलेलं जनावर एक ते दीड किलोचं, तुमच्या घरच्या मांजराच्या निम्म्याने. पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावरून मागे गेलेल्या पांढऱ्या रेघा. रात्री फिरते, झाडावर सराईत चढते. व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमध्ये, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यात, रात्रीच्या सफाऱ्या असायच्या तेव्हा सगळे रस्त्याकडे बघत, बघायला हवं होतं फांद्यांकडे. तरी दिसलीच असती असं नाही. जिप्सीवाल्यांनाही वर्षानुवर्षं दिसत नाही.

लांब जायची तयारी आहे. शशकर्ण बघायचाय. (त्रिमूर्तीनगर)

शशकर्ण म्हणजे कॅराकल, कानांच्या टोकाला लांब काळे झुपके असलेलं मोठं रानटी मांजर. त्याच्या नावाने पैसे खर्च करू नका. देशात तो कच्छ आणि राजस्थानच्या थोड्या पट्ट्यात जेमतेम उरलाय. हिवाळ्यात कच्छच्या छोट्या रणात जा, तिथे ठिपकेवालं वाळवंटी मांजर दिसायची आशा बरी असते. मासेमार मांजरासाठी सुंदरबन, तेही ओहोटीच्या वेळी, होडीतून.

भाऊ, तुरीच्या वावरात मांजरीची दोन पट्टेरी पिल्लं सापडली. आई दिसत नाही. घरी आणू का? (काटोल)

आणू नका. आणली असतील तर आत्ता, हा लेख अर्धा ठेवून, जागेवर नेऊन ठेवा. आई सोडून गेलेली नाही. ती तुमच्या मजुरांना घाबरून धुऱ्यापलीकडे दबा धरून आहे, अंधार पडल्यावर येईल आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून हलवेल. बाउलाची पिल्लं लहानपणी पट्टेरीच असतात, त्यामुळे ती गावठी मांजराची वाटतात. गाईचं दूध पाजू नका, हगवण लागते. तेवढ्या भागातलं काम दोन दिवस थांबवा, कुत्रं बांधून ठेवा. जखम दिसली किंवा दुसऱ्या सकाळीही पिल्लं तिथेच असली, तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र आहे. आणि पाळायचा विचार मनात असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर रात्री काळं, लांब शेपटीचं मांजर धावतं. रानमांजर का? (महाल)

उदमांजर. नावात मांजर आहे, कुळ वेगळं. वाड्यात उंदीर, मागे आंबा-पपईचं झाड, वर कौलांत फट. त्याला आणखी काय पाहिजे? फट बुजवायचीच असेल तर रात्री ते बाहेर पडल्यावर बुजवा. पण आत पिल्लं नाहीत ना, हे आधी टॉर्च घेऊन बघा.