कागदावर ७०, चढावर किती?

प्रश्न : जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायची आहे. एका जाहिरातीत ५१ किलोवॅट लिहिलंय, दुसरीत ७० पीएस. जास्त ताकदीची कुठली?

उत्तर : अहो, दोन्ही सारख्याच! दोन्ही इंजिनाच्या ताकदीचीच मापं. किलोवॅटला १.३६ ने गुणा, पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) मिळतात. बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर) हवे असतील तर १.३४ ने.

खरी गंमत पुढे आहे. फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनमध्ये १.६ लिटरचं साधं डिझेल इंजिन ५० पीएसचं, टर्बोवालं ७० चं. मी साधी चालवली आहे. पाण्याची टाकी काठोकाठ, आत लाकडी कपाटं, चार माणसं. चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नावच नाही, आणि आरशात रांग वाढत चाललेली. म्हणून आधी भरल्या गाडीचं वजन विचारा. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो, हेही पाहा. कमी आरपीएमला मिळाला तर चढावर सारखे गिअर पाडावे लागत नाहीत.

शिवाय जाहिरातीतला ताकदीचा आकडा नव्या इंजिनाचा. तीस वर्षांनी त्यातलं किती उरलंय हे कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) सांगेल, विकणारा नाही. इंजिन नंबरही कागदपत्रांशी ताडून घ्या. जुन्या व्हॅनमध्ये इंजिन बदललेलं सर्रास सापडतं.