ओंजळभर पाणी पुरतं का?

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. माझं माहेर मिरजेचं, प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ). माझा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, तान्हेपणीच झाला. यजमान जातात त्या मंडळीत मोठेपणी, तोही बुडवूनच देतात. ते म्हणतात, ‘तुझा खरा नाही, पुन्हा घे.’ सासूबाईंना वेगळीच धास्ती : बाप्तिस्म्याआधी बाळाचं काही बरंवाईट झालं तर? काय करू?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : ताई, तुम्ही पुन्हा घेऊ नका. 1646 साली तयार झालेली वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली आम्हा प्रेस्बिटेरियन लोकांना प्रमाण. तिच्यात स्वच्छ म्हटलंय : बुडवायची गरज नाही, ओतून किंवा शिंपडून दिलेला बाप्तिस्मा योग्यच, आणि तो एकदाच. सासूबाईंनाही सांगा, बाप्तिस्मा राहिला म्हणून तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, हुकतं असं तीच कबुली मानत नाही.

यजमान विचारतील, बाळाला काय कळतं? काही नाही कळत. बायबलात अब्राहामाच्या मुलाची, इसहाकाची, सुंता म्हणजे देवाशी झालेल्या कराराची खूण आठव्या दिवशी झाली, त्याला कुठे कोणी विचारलं होतं? करारात देव आधी बोलतो. लेकराचा होकार मागाहून, दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करतात तेव्हा.

एकदा आमचं बाप्तिस्म्याचं भांडं कपाटात आणि किल्ली घेऊन वडीलमंडळींपैकी (चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी) एक गावाला! शेवटी चर्चच्या राखणदाराच्या घरून स्टीलची वाटी आणली. कितीही विसळली तरी लसणीचा वास जाईना. बाळाने वाटीवरच हात मारला, अर्धं पाणी माझ्या झग्यावर. उरलेलं ओंजळीत घेऊन पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने दिला. त्यात उणं काही राहिलं नाही.

जड असतं ते पुढचं. आमच्यात धर्मपित्यावर भागत नाही; आईबाप वचन देतात आणि सगळी मंडळी उभी राहून देते. (उभं राहतात सगळे. रविवारच्या शाळेला शिक्षक हवा म्हटलं की मात्र खाली बघतात.)

यजमानांचं मन वळेना तर भांडू नका. 1970 साली नागपुरात उत्तर भारतीय चर्च एक झालं तेव्हा मोठेपणीच बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही सोबत आले, म्हणून तिथे दोन्ही रीती चालतात. आज बाळाचं समर्पण करा, म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना करून तिला देवाच्या हाती सोपवा; बाप्तिस्मा ती मोठी झाल्यावर. पण आधी दोघं मिळून पाळकांना भेटा. आणि आताच द्यायचं ठरलं, तर टोपीला निरगाठ मारू नका. ओल्या बोटांनी ती सुटत नाही.