घरातल्या बुरशीची तपासणी व्यावसायिक कंपनीकडून करून घ्यावी का? किती खर्च येतो?

मी साडेअकरा हजार दिले होते. 2021 च्या ऑगस्टमध्ये, ठाण्यात, टू बीएचकेसाठी. खर्चाचं उत्तर झालं.

करून घ्यावी का, तर तुम्ही जे लिहिलंय (भाड्याचा फ्लॅट, बेडरूममध्ये कुबट वास, कपाटामागे काळे ठिपके, मुलीला सकाळी उठल्याउठल्या शिंका) त्यावरून माझं उत्तर 'नाही' असं आहे. ठिपके डोळ्यांनी दिसतायत ना? मग बुरशी आहे हे सांगायला माणूस कशाला बोलवायचा? अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, हेच सांगते: बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते. आणि हवेत इतके बीजाणू (बुरशीचे हवेत उडणारे सूक्ष्म कण) म्हणजे सुरक्षित, त्यापुढे धोका, अशी रेघ त्यांनीही आखलेली नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही नाही. रेघच नाही, तर रिपोर्टमध्ये लाल रंगात 'हाय' छापून येतं ते कशाच्या मानानं हाय, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी पैसे दिलेच असते, कारण मला बुरशी तपासायची नव्हती, माझ्या दिरांना गप्प करायचं होतं.

दीर सिव्हिल इंजिनियर आहेत. पूल बांधतात. 2018 च्या पावसाळ्यात ते आमच्याकडे आले, बेडरूमच्या भिंतीला सुटलेले पापुद्रे बघितले, हॉलमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे बघितले, आणि चहा यायच्या आत निकाल दिला. "वहिनी, हे कंडेन्सेशन आहे, हवेतली वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते. तुम्ही कपडे घरात वाळवता, खिडक्या बंद ठेवता. घराला श्वास घेता येत नाही." सासूबाईंनी मान डोलावली. झालं. त्या दिवसापासून तीन वर्षं मुलाला खोकला आला की कोणीतरी एकदा त्या दोरीकडे बघायचं. मी सकाळी पावणेआठला घर सोडते, संध्याकाळी सातला येते. जुलैत पश्चिमेच्या खिडक्या उघड्या टाकून गेले असते तर गाद्या पिळायला लागल्या असत्या. पण हे ऐकतं कोण?

2021 मध्ये मुलाला डॉक्टरांनी श्वासाचा पंप सुरू केला आणि माझा संयम संपला. इंटरनेटवर शोधून कंपनी बोलावली. दोन मुलं आली, तिपाईवर हवा ओढणारा पंप लावला, त्याला बीजाणू धरणारी एक छोटी डबी. मिनिटाला 15 लिटर हवा, पाच मिनिटं, म्हणजे 75 लिटर. एक डबी बेडरूममध्ये, एक हॉलमध्ये. भिंतीवरचा एक नमुना सेलोटेपवर. वीस मिनिटांत मोकळे. आठ दिवसांनी नऊ पानी रंगीत रिपोर्ट आला. त्यात 'ॲस्परजिलस/पेनिसिलियम गट' (बुरशीचे दोन प्रकार) लाल अक्षरांत, खाली फुप्फुसांचं चित्र.

मी तो रिपोर्ट भाऊजींना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर: "बुरशी आहे हे मी 2018 पासून सांगतोय. कपडे बाहेर वाळवा."

साडेअकरा हजार गेले आणि दोरी होती तिथेच.

मुलाच्या डॉक्टरांना दाखवला तर त्यांनी दोन पानं चाळून परत केला. त्यांचं म्हणणं, मला मुलाच्या रक्तातला आयजीई (ॲलर्जी दाखवणारा घटक) बघायचाय, तुमच्या हॉलमधली हवा नाही. भिंत आधी कोरडी करा. आणि तिसऱ्या दिवशी त्याच कंपनीचा फोन आला, संपूर्ण घराला 'अँटिफंगल फॉगिंग', म्हणजे बुरशीनाशकाची फवारणी, अडतीस हजार, पावसाळी सवलत धरून. टेक्सस, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या राज्यांत जो तपासतो त्यालाच त्या घराच्या सफाईचं काम घेता येत नाही, कायद्यानं. आपल्याकडे तसं बंधन नाही. त्यामुळे तपासणाऱ्यानंच औषध विकायला काढलं की रिपोर्ट मिटवून ठेवायचा, हे माझं मत.

त्या रिपोर्टमध्ये काय चुकलं होतं ते मी नंतर वाचून शोधलं. त्यांनी बाहेरच्या हवेचा नमुनाच घेतला नव्हता. बीजाणू हवेत सगळीकडे असतात, पावसाळ्यात तर झाडापानांवरून, ओल्या मातीवरून ढिगानं. बाल्कनीत एक डबी लावून आतलं-बाहेरचं शेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. शिवाय ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, म्हणून ते एकत्र मोजतात, आणि ते जवळपास प्रत्येक घरात सापडतात. असल्या डबीत मेलेले आणि जिवंत बीजाणूही एकत्रच मोजले जातात. आणि त्या नऊ पानांत पाणी कुठून येतंय यावर एक ओळ नव्हती. बुरशीला पाणी लागतं. पाणी बंद केलं की ती थांबते, नाही केलं तर फॉगिंग करा नाहीतर धूप घाला, पंधरा दिवसांत परत येते.

मग मी ओल मोजायचं यंत्र मागवलं, मॉइश्चर मीटर. अठराशे रुपये. दोन टोकदार पिना असतात, भिंतीला टेकवायच्या, आकडा येतो. (हे लाकडासाठी बनवलेलं असतं. प्लास्टरवर त्याचा आकडा खरा टक्का समजू नका, फक्त इथे जास्त की तिथे, आज जास्त की काल, एवढंच बघा.) भिंतींवर पेन्सिलीनं सहा खुणा केल्या आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर सहाही ठिकाणचे आकडे दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायला लागले. घरात सगळे हसायचे. मी अकाउंट्सला आहे, मला आकड्यांचा कंटाळा येत नाही.

ऑगस्टमध्ये पश्चिमेची बाहेरची भिंत 15-16 दाखवायची. कपाटामागची, म्हणजे बाथरूमला लागून असलेली आतली भिंत, 31. दिवाळीनंतर बाहेरची भिंत 10 वर आली. कपाटामागची 28. जानेवारीत बाहेरची 9, कपाटामागची 27. आता जानेवारीत ठाण्यात कसलं कंडेन्सेशन? पावसाची ओल दिवाळीपर्यंत सुकायला लागते. जी सुकत नाही ती नळाची, नाहीतर न्हाणीची.

आणि मग मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे काका-काकू कोल्हापूरला गावी गेले, एकोणीस दिवस. कपाटामागचा आकडा रोज थोडा थोडा उतरत 20 वर आला. ते परत आले, मी पार्किंगमध्ये त्यांची स्कूटर बघून वहीत तारीख टाकली. आठवड्यात 26. ते पान मी अजून जपून ठेवलंय. लग्नाच्या अल्बमइतकंच.

सोसायटीच्या मीटिंगला वही घेऊन गेले. सेक्रेटरी म्हणाले, हा दोन सभासदांमधला प्रश्न. त्यात ते बरोबर होते: सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीकडे येते, आतल्या बाथरूम-सिंकची संबंधित सभासदांनी निस्तरायची. काका म्हणाले, आमचं बाथरूम कोरडं खडखडीत असतं. शेवटी पाणी भरून बघायचं ठरलं. प्लंबरनं वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्यात) बोळा घातला, दोन इंच पाणी भरलं, त्यात नीळ टाकली, आणि चोवीस तास बाथरूम बंद. दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या बेडरूममध्ये जमा. भिंतीवर निळ्याचा पत्ता नाही. काका जिंकल्यासारखे हसले, "बघा, निळं कुठंय?" मी काही न बोलता मीटर टेकवला. 34. प्लंबर म्हणाला, रंग स्लॅब आणि प्लास्टर गाळून घेतं, पाणी खाली येतं. लाद्या फोडल्यावर नहाणी ट्रॅप आणि पाइपाच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट निघाली. काकूंनी स्वतः येऊन बघितली आणि काकांना काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

भाऊजींना फटीचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "असंही होऊ शकतं." तीन शब्द. मी प्रिंट काढणार होते.

त्यांच्या कंडेन्सेशनबद्दल एकदाच लिहून टाकते, म्हणजे कोणाच्या तरी वहिनीला उपयोगी पडेल. भिंतीवर दव धरायला भिंत दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) थंड लागते. जुलैत आपल्याकडे बाहेर 27-28 अंश असतं आणि दवबिंदू साधारण 25. पंखा लावलेल्या घरातली भिंत एवढी थंड होतच नाही. ती होते एसी 18 वर ठेवणाऱ्यांच्या घरी; तिथे बेडरूमच्या पलीकडच्या बाजूला, पॅसेजमध्ये, बुरशी धरते. एसी 18 वर कोण ठेवतं ते मी सांगत नाही, पण पुण्याला त्यांच्या पॅसेजला दर वर्षी रंग काढावा लागतो.

तुमच्यासाठी, पैसे देण्याआधी: पांढरी भुकटी असेल तर आधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा आहे, म्हणजे भिंतीतले क्षार, बुरशी नाही (पण पाणी येतंय याचा पुरावाच). फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूनं ओला झाला तर हवेतली ओल, भिंतीच्या बाजूनं झाला तर भिंतीतून येतेय. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. डाग तीन बाय तीन फुटांच्या आत असेल तर साबणाच्या पाण्यानं घरीच निघतो, एन-95 मास्क लावून, भिंत ओली करून पुसा; कोरडं खरवडलंत तर सगळं हवेत उडेल. ब्लीच ओतून भागत नाही, आणि ब्लीच व टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. भुसभुशीत झालेलं प्लायवूड धुऊ नका, फेका. रंग लगेच काढू नका. आमचा गवंडी म्हणाला होता, भिंत सुकायला जाडीच्या इंचाला एक महिना धरा, आणि तसंच झालं.

तुमचं घर भाड्याचं आहे, तेव्हा मालकाला तोंडी सांगत बसू नका, तारखेसकट फोटो आणि आकडे पाठवा. आणि वरचे गावाला कधी जातात ते विचारून ठेवा.

तपासणी अगदीच निरुपयोगी असं म्हणणं मात्र बरोबर नाही, हे मला आधीच लिहायला हवं होतं. घरात किमोथेरपी चालू असलेला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला माणूस असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर करा. वास येतोय पण फॉल्स सीलिंगच्या मागे काय आहे दिसत नाही, तर मीटर आणि थर्मल कॅमेरा घेऊन येणारा माणूस कामाचा (कॅमेऱ्याला बुरशी दिसत नाही, थंड पडलेली जागा दिसते, ती ओली आहे का हे मीटरनंच बघायचं). प्रकरण कोर्टात जाणार असेल तर कागद लागतो. फक्त बाहेरच्या हवेचा नमुना घेणार का, हे फोनवरच विचारा, आणि औषध मारण्याचं काम त्यांना देऊ नका. मुलीच्या शिंकांचं बुरशीवर ढकलून मोकळंही होऊ नका, गादीतल्या धुळीच्या किड्यांनीही तेच होतं. माझ्या मुलाचा पंप भिंत सुकल्यावर कमी झाला, पण त्याच वर्षी आम्ही कापसाच्या गाद्याही काढल्या, त्यामुळे श्रेय कोणाचं ते मी छातीठोक सांगत नाही.

आणि अजून एक. भिंत दुरुस्त झाल्यावरच्या जुलैत मी आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ हॉलमध्ये लावलं. दोरीवर कपडे असले की 86 टक्के, नसले की 78. ऐंशीच्या वर दिवसेंदिवस राहिलं की दव न धरताही चामड्यावर, प्लायवर बुरशी येते, आणि आमच्या कपाटातल्या चपला-बेल्टांवर दर पावसाळ्यात यायची ती त्यामुळेच. दोरी आता बाल्कनीत आहे, वर प्लास्टिकचं छप्पर घालून घेतलंय. गेल्या गणपतीत भाऊजींनी विचारलं, दोरी का हलवली? मी म्हटलं, हॉल मोठा दिसतो.